फोटोशॉपमध्ये प्रॉडक्टचं पांढरं बॅकग्राउंड काढलं, पण गडद रंगावर ठेवल्यावर कडेला पांढरी रेघ दिसते. ती कशी घालवायची?

प्रॉडक्टचं सिलेक्शन एक पिक्सेल आत घ्या, रेघ जाते: सिलेक्ट, मॉडिफाय, कॉन्ट्रॅक्ट, 1 पिक्सेल, आणि मग लेयर मास्क (नको तो भाग न पुसता फक्त झाकणारा) लावा. कडेचे पिक्सेल पूर्ण प्रॉडक्टचे नसतात. त्यांत वस्तूचा आणि मागच्या पांढऱ्याचा रंग मिसळलेला असतो. मॅजिक वाँड हे सिलेक्शनचं टूल रंगाच्या जवळिकीवर निवडतं, त्यामुळे हे अर्धवट पांढरे पिक्सेल प्रॉडक्टकडेच राहतात. पांढऱ्या पानावर ते कळत नाहीत, काळ्यावर लगेच डोळ्यात येतात. बॅकग्राउंड आधीच डिलीट केलं असेल, तर लेयर मेनूतल्या मॅटिंगमध्ये डीफ्रिंज 1 पिक्सेल देऊन पाहा.

बाटली, डबा, मोबाइल अशा कडक कडेच्या वस्तूंना मी वाँड वापरतच नाही. फोटो 200 टक्के झूम करून पेन टूलने कडेच्या किंचित आतून पाथ काढायचा, वळणावर जमेल तितके कमी पॉइंट टाकायचे (जास्त टाकले की कड खडबडीत होते), कंट्रोल-एंटरने सिलेक्शन करायचं आणि 0.5 पिक्सेल फेदर द्यायचा (कड किंचित मऊ होते). वेळ लागतो, पण काम स्वच्छ होतं. इरेझर मात्र नको, त्याने पिक्सेल पुसूनच जातात. मास्कवर चूक झाली तर पांढऱ्या ब्रशने परत आणता येते.

लोकर, केस, झालर असलेल्या वस्तूंना हे चालणार नाही, तिथे एक पिक्सेल आत घेतलं की तंतूच कापले जातात. त्यासाठी सिलेक्ट अँड मास्कमध्ये रिफाइन एज ब्रश फिरवा आणि डीकंटॅमिनेट कलर्स (कडेला मिसळलेला मागचा रंग घालवणारा पर्याय) चालू करा. शेवटी फाइल पीएनजीमध्येच सेव्ह करा, जेपेगमध्ये पारदर्शकता टिकत नाही.