चूक पदरात घालावी की पोटात?

नाशिकच्याच एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे मामेसासरे चार दिवस पाहुणे आले होते. सगळे मिळून पांडवलेण्यांवर गेले. दहा नंबरपाशी टेकल्यावर मामा लहान मुलांना सांगू लागले, की ही लेणी पांडवांनी वनवासात एका रात्रीत कोरली. ताईंनी तिथल्या तिथे सांगितलं, "नाही मामा, ही बौद्ध लेणी आहेत, पांडवांचा काही संबंध नाही." मामा गप्प झाले. घरी आल्यावर यजमान म्हणाले, "तू मामांची चूक चारचौघांत त्यांच्या पदरात घातलीस." सासूबाई म्हणाल्या, "मोठ्या माणसाची चूक पोटात घालायची असते." ताईंचा प्रश्न असा: या दोन वाक्प्रचारांत नेमका फरक काय, आणि अशा वेळी यांतलं काय करायचं?

आधी यजमानांचा शब्द घेऊ. 'चूक पदरात घालणे' म्हणजे ती तुझीच आहे हे समोरच्याला कबूल करायला लावणे. नुसती 'चूक दाखवणे' यात तेवढा जोर नाही. दाखवलेली चूक माणूस बघेल किंवा बघणार नाही, पदरात घातलेली मात्र घेऊनच जावी लागते. 'चूक काढणे' आणखी वेगळं. त्यात शोधत बसण्याचा वास येतो आणि ते थोडं पुढे गेलं की 'खुसपट काढणे' होतं. ताईंनी खुसपट काढलं नव्हतं, हे यजमानांनाही मान्य असावं. नाहीतर त्यांनी तोच शब्द वापरला असता.

सासूबाईंचा शब्द प्रेमाचा आहे, पण मला तो इथे बसत नाही. 'पोटात घालणे' म्हणजे क्षमा करणे, आणि क्षमा करायची तर आधी समोरच्याकडून आपल्याबाबतीत काही अपराध झालेला हवा. शिवाय या वाक्प्रचाराला वरून खाली येणारा उतार आहे. आई लेकराची चूक पोटात घालते, देव भक्ताचे अपराध पोटात घालतो. सुनेने मामेसासऱ्यांची चूक पोटात घातली हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा, कानाला खटकतं. मामांनी ताईंचं काही वाकडं केलं नव्हतं, त्यांची माहिती चुकली होती एवढंच. चुकीचं बोलणं ऐकून सोडून द्यायचं असेल तर त्याला मराठीत 'कानाआड करणे' हा नेमका शब्द आहे.

तेव्हा ताईंपुढे खरी निवड पदर आणि पोट यांतली नव्हती. पदरात घालायचं की कानाआड करायचं, एवढीच होती.

(जाता जाता: "माझी काही चूक झाली असेल तर पदरात घाला" असं हल्ली निरोपाच्या भाषणांतही ऐकू येतं. "मुलगी पदरात घ्या" आणि "चूक पोटात घाला" यांची सरमिसळ झाली असावी. 'पदरात घेणे' म्हणजे स्वीकारणे, आपलं म्हणणे. माफी मागताना "पोटात घाला" म्हणा. "पदरात घाला" म्हटलं तर मागणी उलटी होते.)

कानाआड काय करू नये, याबद्दल माझं मत पक्कं आहे. मागच्या पावसाळ्यात दिंडोरीकडे एका ओळखीच्यांच्या द्राक्षबागेत बसलो होतो. एक वयस्कर गृहस्थ बागेतल्या पोरांना सांगत होते, की साप चावला तर वर दोरी करकचून आवळायची, ब्लेडने चीर द्यायची आणि रक्त वाहू द्यायचं. मी त्यांना मध्येच तोडलं. म्हटलं, काका, हे करू नका. दोरीने रक्तपुरवठा थांबतो, चिरेने जखम वाढते आणि विष काही निघत नाही. माणसाला धीर द्यायचा, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि सर्पदंशाची लस असेल त्या दवाखान्यात लगेच पोहोचवायचं. काकांनी चहाचा कप अर्धाच खाली ठेवला आणि उठून गेले. मला वाईट वाटलं, पण उद्या तीच पोरं गवतात हात घालणार होती. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तोडेन, कितीही माणसं समोर असोत.

मामांच्या गोष्टीत कुणाच्या जिवाला धोका नव्हता. पण मुलं ऐकत होती, आणि ती तेच दहा जणांना सांगणार, वर थोडं पदरचं घालून. (इथेही पदरच आला बघा.) म्हणून ताईंनी बोलायला हवं होतं असंच मला वाटतं. चुकलं असेल तर पदरात काय घातलं, ते. आपल्याकडे पदरात ओटीही घालतात. नारळ, तांदूळ, खण, सगळं त्याच पदरात. ताईंच्या वाक्यात मात्र "नाही" आणि "संबंध नाही" असे दोन नकार होते आणि त्यांच्यामध्ये जेमतेम एक माहिती. मामांच्या हाती उरले ते नकार.

आणि त्या डोंगरावर द्यायला किती आहे! त्रिरश्मी डोंगराच्या त्या २४ लेण्यांमध्ये ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले शिलालेख आहेत. ताई बसल्या होत्या त्या १० क्रमांकात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत, ३ क्रमांकात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिचा. मामा, हे बघा, एका आईने आपल्या लेकाबद्दल दगडात काय कोरून ठेवलंय, असं म्हटलं असतं तर भिक्षू आणि सातवाहन मुलांपर्यंत पोहोचलेच असते. पांडवांचं नाव मग खोडावंही लागलं नसतं. डोंगरातलं जुनं कोरीवकाम दिसलं की लोकांनी त्याला पांडवांचं नाव दिलं, हे अनेक ठिकाणी झालं आहे, आणि 'पांडवलेणी' हे नाव तर आपण सगळेच वापरतो. मीही वापरतो.

पंचवटीत कुणी शूर्पणखेच्या नाकावरून 'नासिक' झालं असं सांगू लागलं, तर मात्र मी अवाक्षर काढत नाही. ती कथा म्हणून सांगितली जाते, कथा म्हणूनच ऐकावी. कुणी व्युत्पत्ती म्हणून विचारलं तर 'नऊ शिखरांवर वसलेलं' ही दुसरी समजूतही सांगतो.

आता ताईंच्या पत्रातलं एक. त्यांनी "दहावी लेणी" असं लिहिलं आहे. बोलताना कुणी असं म्हणालं तर मी थांबवणार नाही, अर्ध्या नाशकात तसंच बोलतात. पण त्यांनी शब्दाबद्दलच विचारलंय म्हणून सांगतो. ते लेणे, नपुंसकलिंगी, आणि अनेकवचन लेणी. एक लेणे, चोवीस लेणी, दहावे लेणे, दहाव्या लेण्यात. अंगावर लेण्याचा दागिना म्हणजे लेणे, तो शब्द निराळा.

हा शब्द त्याच डोंगरावर कोरलेला आहे. १९ क्रमांकाच्या लेण्यातला खिडकीवरचा लेख सातवाहन कुळातल्या कन्ह राजाच्या वेळचा, दोन हजार वर्षांहून जुना. श्रमणांची, म्हणजे भिक्षूंची, व्यवस्था पाहणाऱ्या नासिकच्या महामात्राने (अधिकाऱ्याने) हे लेणे करविले, असं त्यात म्हटलं आहे. मूळ शब्द आहेत 'लेण कारित'. 'नासिक' हे नावही त्याच ओळीत आहे. पुढच्या खेपेला मामा आले की त्यांना तिथवर न्या, आणि ती ओळ मुलांना त्यांनाच दाखवू द्या.