एकसष्टी, गॅलरी आणि अंगणातली तुळस

पत्र: ‘शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती. आर्ट कॉलेजचं नाव काढल्यावर बाबा म्हणाले, चित्रांनी पोट भरत नाही. सरकारी नोकरी केली, गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि पुन्हा रंग घेतले. फोनवरचं चित्र बघून हुबेहूब काढते, सगळे वाहवा करतात. पण अंगणातली तुळस समोर बसून काढली, तर नातीनं काढल्यासारखी आली. आता मुलगा माझ्या एकसष्टीला पणजीत गॅलरी घेतोय. चित्रांना किमती लावणार म्हणतो. रवींद्रनाथांनी तरी कुठे तरुणपणी सुरुवात केली, हे त्याचं पालुपद. ह्यांची कुरकुर वेगळीच, जेवणाचं टेबल अडतं म्हणून. शेजारीण राधाकृष्णाचं चित्र मागतेय. काय करू?’ – एक वाचक, फोंडा

ताई, गॅलरी नको म्हणून सांगा. आजच सांगा, त्यानं पैसे भरायच्या आधी. बाबूला वाईट वाटेल, वाटू दे. आईसाठी एवढं करणारा मुलगा दोन दिवस फुगून बसेल आणि तिसऱ्या दिवशी चहा मागेल.

कारण मात्र ‘मला जमत नाही रे’ हे देऊ नका. ते त्याला पटणार नाही आणि ते खरंही नाही. खरं कारण असं की फोनवरची ती चित्रं दुसऱ्या कुणाची तरी आहेत. सरावासाठी नक्कल करण्यात काही वावगं नाही, चित्रकार पूर्वापार तसेच शिकत आले. पण खाली आपली सही आणि शेजारी किमतीची चिठ्ठी लावली, की तो सराव राहत नाही. उद्या मूळ चित्रकारानं विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, बाबूला नाही.

आणि रवींद्रनाथांचं म्हणाल, तर त्यांचं पहिलं प्रदर्शन 1930 मध्ये पॅरिसला झालं, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते, हे बरोबर. पण त्याआधी काही वर्षं ते हस्तलिखितांतल्या खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडून त्यांतून पक्षी, प्राणी, चेहरे काढत होते. वेडेवाकडे, पण खाडाखोड त्यांची स्वतःची. बाबूला ही अर्धी गोष्टही सांगा.

आता त्या तुळशीकडे येऊ. मला तुमच्या पत्रात तीच खरी आवडली. फोनवरच्या चित्रात दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवून टाकलेलं असतं: काय घ्यायचं, काय गाळायचं, सावली किती गडद. तुम्ही फक्त हात चालवता, आणि हात तुमचा शाळेपासून चांगला आहे. अंगणात हे सगळं तुम्हाला ठरवावं लागलं, म्हणून फजिती झाली. माझा अंदाज, वृंदावन पांढरं म्हणून तुम्ही पांढरा रंग फासलात आणि तुळस हिरवी म्हणून ट्यूबमधला हिरवा. तसं असेल तर एकदा दुपारी तीनच्या सुमारास पायरीवर बसून नुसतं बघा. चुन्याची उन्हातली बाजू आहे तिथे कोरा कागदच सोडायचा. सावलीतली बाजू वर आभाळामुळे निळसर दिसेल आणि खाली, अंगणातल्या तांबड्या मातीचा उजेड उसळतो तिथे, किंचित गुलाबी. त्या सावलीसाठी अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, पाण्यात भरपूर पातळ करा, त्यात थेंबभर बर्न्ट सिएन्ना, म्हणजे तांबूस तपकिरी. तुळशीच्या हिरव्यातही तोच सिएन्ना मिसळा, म्हणजे तो डोळ्यांत खुपणार नाही. आणि ओला रंग दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर फिका होतो, तेवढं धरून चाला.

पावसात आपल्याकडे रंग वाळता वाळत नाही. पहिला हात ओला असताना दुसरा दिला की चिखल झालाच. सुनेचा हेअर ड्रायर मागून घ्या. कागद जाड, 300 जीएसएमचा घ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा, नाहीतर चवथीपर्यंत बुरशीचे ठिपके दिसायला लागतील.

पणजीला जाणं झालंच तर फोंताइन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची मूळ चित्रं आहेत. 1870 साली सांग्यात जन्मलेला, पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवणारा हा आपला माणूस. फोनवर रंग सपाट दिसतो. तिथे चित्रासमोर उभं राहिलात की कुठे ब्रश दाबलाय, कुठे नुसता टेकवलाय, ते कळतं. बाबूला गाडी चालवायला लावा, तेवढाच त्याचा रुसवाही जाईल.

टेबलाची कुरकुर मात्र यजमानांची रास्त आहे. रोज मांडामांड आणि आवराआवर करावी लागली, तर आठवड्याभरात तुम्हीच कंटाळाल. पडवीत एक जुनं टेबल टाका, उत्तरेच्या उजेडाला मिळालं तर उत्तम, आणि त्यावरचं कुणी हलवायचं नाही असं घरात एकदा मोठ्यानं सांगून ठेवा. इतकी वर्षं सगळ्यांचे डबे भरलेत, एवढं टेबल तुमचं झालं.

एकसष्टी घरीच करा. जेवायला माणसं बोलवा, आणि तोवर अंगणातली, विहिरीकडची, माडाखालची चार-पाच चित्रं झाली असली तर पडवीत दोरीला चिमट्यांनी लटकवा. नसली झाली, तर जेवण आहेच. गॅलरीचं वर्षभरानं बघू. तेव्हा तुम्हीच ठरवाल, आणि बाबू विचारेल.

राहिली शेजारीण. तिला राधाकृष्णाचं चित्र बिनधास्त द्या, पैसे घेऊ नका, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं ‘मूळ चित्रावरून’ असं लिहून खाली सही करा.