खुजा की बटू, उष्ण की तप्त?

प्रश्न असा आहे : ‘एका अंधुक नारिंगी खुज्या ताऱ्याला अगदी जवळून फेऱ्या मारणारा उष्ण बृहस्पती हा बाह्यग्रह’ हे वाक्य मराठीत बरोबर आहे का?

अर्थ कळतो, पण सहापैकी पाच शब्द मी बदलेन. नारिंगी मात्र राहू द्या.

‘खुजा’ म्हटले की वाढ खुंटलेला असा वास येतो. ताऱ्यांच्या बाबतीत तसे काही नसते. गाभ्यात हायड्रोजनचे हीलियम करत निवांत जळणाऱ्या, मुख्य क्रमावरच्या ताऱ्यांना राक्षसी ताऱ्यांच्या तुलनेत छोटे म्हणून हे नाव पडले. आपला सूर्यही याच गटातला, पिवळा. म्हणून ‘बटू’ बरा. मुंजीतला बटू लहान असतो, खुरटलेला नसतो. ठेंगण्या माणसाला आपण बटुमूर्ती म्हणतो तेही लाडानेच. शिवाय प्लूटोमुळे ‘बटुग्रह’ रुळलेला आहेच. फक्त श्वेतबटूशी गल्लत नको. ते विझत चाललेल्या ताऱ्याचे उरलेले, जेमतेम पृथ्वीएवढे अवशेष. नारिंगी बटू चांगला धडधाकट तारा असतो. लिहिताना सुटा ‘बटू’ दीर्घ, समासात ‘बटुतारा’ ऱ्हस्व. ‘गुरू’ आणि ‘गुरुग्रह’ यांचेही तेच.

गुरूवरून आठवले, गुरूसारख्या महाकाय ग्रहाला ‘बृहस्पती’ कशाला? आकाशातल्या ग्रहाला मराठीत गुरू म्हणतात, वारही गुरुवारच. आणि ‘उष्ण’पेक्षा ‘तप्त’ नेमका. उष्ण हा नुसता गुण झाला, तप्त म्हणजे तापलेला, म्हणजे कोणीतरी तापवलेला. इथे तापवणारा तारा शेजारीच आहे. वास्प-४३ हा नारिंगी बटू घ्या. त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे दोन तृतीयांश. २०११ मध्ये जाहीर झालेला त्याचा ग्रह वस्तुमानाने गुरूच्या दुप्पट आहे, आणि ताऱ्यापासून अवघ्या २३ लाख किलोमीटरवर. आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे अंतर पाहा! ‘तप्त गुरू’ इतके म्हटले की पुरे.

‘अंधुक’ चूक नाही, पण अंधुक बहुधा आपल्याला दिसते, आपल्या नजरेतला दोष त्यात डोकावतो. ताऱ्याला ‘मंद’ म्हणावे. आकडा द्यायचा तर ‘प्रत’ हे ताऱ्याचे तेज मोजायचे माप आहे. वास्प-४३ची दृश्यप्रत सुमारे १२.४, नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, म्हणजे हा त्या मर्यादेहूनही तीनशेपटींहून अधिक मंद. इथे आकडा वाढला की तेज घटते, त्यामुळे ‘वरच्या प्रतीचा तारा’ असे चुकूनही लिहू नका. वाचणारा नेमका उलटा अर्थ घेईल.

‘बाह्यग्रह’ला माझा खरा विरोध आहे. मंगळापासून पुढच्या, पृथ्वीच्या कक्षेबाहेरच्या ग्रहांना हा शब्द आधीपासून आहे. एकाच शब्दाने मंगळ आणि कुठल्या तरी परक्या ताऱ्याचा ग्रह, दोन्ही कसे ओळखायचे? ‘परग्रह’ म्हटले की लोकांना थेट परग्रहवासी आठवतात, तरी तो चालेल. सर्वांत निर्धोक ‘सौरमालेबाहेरचा ग्रह’. लांब आहे, पण संशयाला जागा ठेवत नाही.

‘फेऱ्या मारणारा’ ठीक, पण ‘फिरणारा’ही चालले असते. एरवी मी त्यावर हटकतो, कारण स्वतःभोवतीचे परिवलन की ताऱ्याभोवतीचे परिभ्रमण, हे ‘फिरणे’ सांगत नाही. वास्प-४३च्या ग्रहाची मात्र एक बाजू ताऱ्याच्या ओढीने कायम त्याच्याकडे जखडलेली मानतात, तेव्हा दोन्ही फेऱ्यांना तेवढाच वेळ लागतो : सुमारे साडेएकोणीस तास. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०२४ मध्ये त्याच्या दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे १२५० अंश सेल्सिअस आणि रात्रीच्या बाजूचे ६०० अंश सांगितले गेले. म्हणून अशा ग्रहाबद्दल ‘दिवसा’ आणि ‘रात्री’ ही कालवाचक क्रियाविशेषणे टाळा. तिथे ‘दिवसाची बाजू’ आणि ‘रात्रीची बाजू’ असेच लिहावे लागते.