फराक्का धरण की बंधारा? आणि धरण्यांविषयी थोडे

परळच्या एका वाचकाने विचारले आहे, 'गंगेच्या पाण्यावरून बांगलादेशाशी जो वाद आहे, त्याच्या बातम्यांत फराक्काला कधी धरण म्हणतात, कधी बंधारा, कधी बराज. बरोबर काय?'

बंधारा. बराज म्हटले तरी चालेल. धरण मुळीच नाही. धरण पाणी साठवते, बंधारा पाण्याची पातळी उचलून ते वळवतो. कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून फराक्काची १०९ दारे १९७५पासून गंगेचे पाणी हुगळीकडे वळवतात. १९९६चा ३० वर्षांचा करारसुद्धा जानेवारी ते मे या महिन्यांतल्या वाटपाचाच आहे. 'धरण' लिहिले की पाणी वळवल्याची तक्रार पाणी साठवल्याची होऊन बसते, आणि हे वाहिन्यांवर रोज ऐकून कान किटले आहेत.

खरी मौज मात्र 'धरण' या शब्दातच आहे. त्यामागचा संस्कृत धृ (धरणे, धारण करणे) हा धातू सर्वांना ठाऊक असतो. आता आझाद मैदानातला फलक पाहा: 'धरणे आंदोलन'. आणि जुलैत पेपरात तानसा-भातशाची बातमी: 'धरणे भरली'. अक्षर न् अक्षर तेच! पूर्वी थकलेल्या येण्यासाठी सावकार कुळाच्या दारात उपाशी बसे, देणे फिटल्याशिवाय उठत नसे. भाविकही देवाच्या दारी धरणे धरून बसत. माझे ठाम मत आहे की नदीतले धरण आणि दारातले धरणे यांमागे कल्पना एकच: वाट धरून बसायचे आणि सोडायचे कधी हे आपण ठरवायचे. १९२१मध्ये मुळशीला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी चक्क धरणाच्या कामावरच ठाण मांडून बसले. तिथे दोन्ही अर्थ समोरासमोर आले.

काही विद्वान आंदोलनातले 'धरणे' हिंदी 'धरना'वरून आले असे सांगतात. साफ चूक. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात तो शब्द आहे. कोश उघडायचे कष्ट तरी घ्यावेत!

सिंधूच्या वादातही भांडण याच 'धरून बसण्या'चे आहे. भारत-पाकिस्तानच्या १९६०च्या सिंधू करारात चिनाब नदीवर भारताला वीज करता येते, पण साठ्याला मर्यादा आहे. चिनाबवरच्या बगलिहार वीजप्रकल्पाच्या धरणाला खालच्या पातळीवर दारे ठेवली, तेव्हा पाकिस्तानचा आक्षेप असा की पाणी हवे तेव्हा अडवाल, हवे तेव्हा सोडाल. गाळ काढायला ती दारे लागतात, हे तटस्थ तज्ज्ञाने २००७मध्ये मान्य केले. साठा आणि उंची मात्र थोडी कमी करायला लावली. कोल्हापुरी बंधाऱ्यावर वाढलेल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, गाळ आणि पूर निघून जातो; पाऊस सरला की पुन्हा घालतात. बरगे कोणाच्या हातात, यावरून तिथेही खालच्या गावाची वरच्या गावाशी जुंपते.

एप्रिल २०२५मध्ये भारताने करार स्थगित केला आणि मराठी वाहिन्यांनी लगेच 'पाकिस्तानचे पाणी तोडले' म्हटले. करार स्थगित झाला, एवढेच खरे होते. ऐन पावसाळ्यातला चिनाबचा लोंढा धरून ठेवायला बगलिहारला जागाच नाही. तिथे 'तोडले' लिहू नये, आणि फराक्काला धरण म्हणू नये.