ब्लॉगवर गूगलमधून जास्त वाचक यावेत म्हणून लेख कसे लिहावेत?

तुम्ही विचारलंय की लेख किती शब्दांचा असावा, कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात तो शब्द) किती वेळा घालावा, आणि 'गोव्यातील सुंदर समुद्रकिनारे' सारखे लेख नियमित टाकूनही गूगलवरून वाचक का येत नाहीत. पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल लगेच लावतो. शब्दांचा कुठलाही आकडा गूगलने ठरवून दिलेला नाही. कीवर्ड शीर्षकात आणि सुरुवातीच्या परिच्छेदात सहज आला की पुरे. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली कीवर्डची यादी, भरायला सांगणारा भेटला तर त्याचं ऐकू नका. क्रमवारीसाठी तो टॅग आम्ही बघत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंच आहे, कारण याच विषयावर माझं आणि माझ्या आतेभावाचं दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, वाजतं. तो पुण्यात डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. त्याचं म्हणणं, आधी शोधांचे आकडे दाखवणाऱ्या टूलमधून कीवर्ड काढायचे, ज्याला शोध जास्त तोच विषय घ्यायचा. वर, "मराठीत कोण शोधतंय? इंग्रजीत लिही." मी गोव्यातल्या डिचोलीचा. आमच्याकडचे सण, देवळं, रानातल्या भाज्या यांवर मराठीतच लिहितो आणि मराठीतच लिहिणार.

चवथीच्या आधी आमच्याकडे माटोळीचा बाजार भरतो. गणपतीच्या वर बांधायची रानफळं, वेली, सुपारीचे घड, सगळं गावागावांतून विकायला येतं. तिथे एक नवी सून भेटली, माहेर कोल्हापूरचं. सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून यादी घेऊन ती एकटीच आली होती. यादीत कांगणी, घागऱ्या, कवंडळ, आंबाडे, तोरंजन, चिबूड अशी नावं, आणि त्यातली निम्मी तिने कधी ऐकलेलीसुद्धा नव्हती. मोबाईलवर शोधून काय सापडलं ते तिने मला दाखवलं. एकापाठोपाठ एक लेख, आणि प्रत्येकात तेच वाक्य: माटोळी म्हणजे निसर्गाप्रती कृतज्ञता व्यक्त करणारी आरास. बांधायची कशी, कुठलं फळ आधी आणि कुठलं नंतर, किती दिवस आधी आणलं तर टिकतं, यावर एक अक्षर नाही. एका लेखात तर माटोळीतली सगळी फळं नंतर प्रसाद म्हणून खातात असं छापलं होतं. कवंडळ आमच्याकडे विषारी मानतात, लहान मुलांना हातसुद्धा लावू देत नाहीत. हे लिहिणाऱ्याने कवंडळ बघितलेलं नाही, हे गोव्यातलं शाळकरी पोरही सांगेल. मला भयंकर राग आला, आणि आजही येतो.

तिला उत्तर दिलं ते सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका मावशीने. पुढ्यातलं एकेक फळ उचलून ती सांगत गेली. चिबूड हातात घेऊन म्हणाली, "बाय, हें निमाणें बांद, ना जाल्यार कुसता." म्हणजे हे सगळ्यात शेवटी बांध, नाहीतर कुजतं. नारळ आणि सुपारीचे घड आधी, माटोळीच्या लाकडी चौकटीच्या कडेला, मूर्तीच्या बरोबर डोक्यावर जड काही नको. केवणीच्या सालीचे दोर आधी भिजवून घे, म्हणजे गाठ सरकत नाही.

त्या रात्री घरी येऊन मी हे सगळं त्याच क्रमाने लिहून काढलं. प्रत्येक फळाचा फोटो जवळून काढला, फोटोखाली नाव, आणि आमच्या घरची चौकट बांधतानाचे फोटो. शीर्षक दिलं 'माटोळी कशी बांधावी आणि त्यात काय काय लागतं', कारण त्या मुलीने मला विचारलेलं वाक्य तेच होतं. कीवर्डच्या टूलमध्ये त्या वाक्यापुढे शोधसंख्येच्या जागी शून्य येत होतं. आतेभावाने त्या शून्यावर बोट ठेवून मला वेड्यात काढलं होतं. आज माझ्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचक याच लेखातून येतात. दर चवथीला त्याखाली मुंबईतले, पुण्यातले, आखातातले गोंयकार प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांतूनच मला पुढचे लेख मिळतात.

टूल शून्य दाखवतं म्हणजे कुणी शोधत नाही असा अर्थ होत नाही. मराठीतल्या लांब, बारीकसारीक प्रश्नांचे आकडे या टूलकडे बहुतेक वेळा नसतातच. ते बघायचे तर सर्च कन्सोल हे गूगलचंच मोफत साधन उघडा. तिथे तुमचा लेख नेमक्या कुठल्या शब्दांवर दिसला आणि कितींनी क्लिक केलं ते कळतं. दिसतोय पण कुणी क्लिक करत नाही, अशी ओळ सापडली की ती सोन्यासारखी समजा. लोकांनी विचारलंय आणि तुमच्या शीर्षकात त्यांना उत्तर दिसलेलं नाही. शीर्षक बदला, आणि उत्तर लेखाच्या तळाशी असेल तर उचलून वर आणा.

बाकी तांत्रिक गोष्टी थोडक्यात. सणावरचा लेख दरवर्षी नवा टाकू नका. लेखाच्या वेबपत्त्यात (यूआरएलमध्ये) साल न घालता एकच लेख ठेवा आणि त्यातच भर घाला, म्हणजे त्याला मिळालेल्या लिंका वाया जात नाहीत. तो सणाच्या महिनाभर आधी अद्ययावत करा, आदल्या दिवशी नव्हे. पत्ता रोमनमध्ये ठेवा. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. माहिती पोस्टरच्या चित्रात कोंबू नका, मजकूर म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे गूगलला वाचता येणाऱ्या अक्षरांत, लिहा. गोव्यातल्या कितीतरी देवस्थानांच्या जत्रेच्या पत्रिका केवळ चित्ररूपात फिरतात, म्हणून शोधल्या तर सापडत नाहीत.

आता आतेभावाच्या मुद्द्याकडे. शोध जास्त म्हणून विषय घेतला की हातून बहुधा दुसऱ्यांचंच फिरवून लिहिलं जातं. दुसऱ्याचे लेख वाचून तेच फिरवून लिहिण्याला गूगलने २०११ मध्ये 'पांडा' नावाचा क्रमवारीतला बदल आणून पहिला दणका दिला. डिसेंबर २०२२ मध्ये निकालांचा दर्जा तपासणाऱ्यांसाठीच्या सूचनांत 'अनुभव' हा निकष घातला, म्हणजे लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली, पाहिली आहे का. मार्च २०२४ मध्ये घाऊक छापलेल्या लेखांविरुद्ध वेगळा नियमच केला. तपासणाऱ्यांच्या गुणांवरून एखाद्या लेखाचा क्रमांक थेट ठरत नाही हे मला माहीत आहे, पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते यातून स्पष्ट दिसतं. हे मी त्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "तुझा विषयच बारका आहे, म्हणून चाललं." विषय बारका आहे म्हणूनच चाललं, हेच तर मी इतकी वर्षं सांगतोय! सुंदर समुद्रकिनाऱ्यांवर मोठमोठ्या प्रवासी कंपन्या बसल्या आहेत. तिथे तुमचा-माझा नंबर लागणार नाही, आणि लागावा अशी माझी इच्छाही नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. हे सगळं माहितीच्या लेखांसाठी. तुम्हाला काही विकायचं असेल, हॉटेलची खोली किंवा भाड्याची गाडी, तर आतेभावाची पद्धत लागते, तेवढं मी मान्य करतो. आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल निकालांच्या वर स्वतःच एआयचं उत्तर देऊ लागलंय, त्यामुळे एका ओळीत संपणाऱ्या प्रश्नांवर क्लिक मिळेल याची खात्री धरू नका. चतुर्थी किती तारखेला, यावर लेख लिहिण्यात आता काही उरलेलं नाही. माटोळीची गाठ कशी मारायची हे मात्र लोक अजून फोटो बघूनच शिकतात.

तुम्ही मडगावचे आहात असं प्रश्नात लिहिलंय. मग किनारे सोडा. पावसात तांबडी सुर्ल्याच्या महादेवाला बसने जाता येतं का, परतीची शेवटची बस किती वाजता, शिरगावच्या लईराईच्या जत्रेला गाडी कुठे लावायची, दिवाडीच्या फेरीबोटीत चारचाकी चढवायला किती वेळ थांबावं लागतं, हे एकदा स्वतः जाऊन बघून या आणि तारीख टाकून लिहा. इंग्रजीतही लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण आधी मराठीत.