तोंड आले की खापर उष्णतेवर

एचआयव्हीसह जगणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे वाचताना तोंड-दातांच्या तक्रारींबाबत एकच घोळ, खरे कारण न शोधता ऐकीव समजावर चालण्याचा, पुन्हापुन्हा आढळतो, म्हणून ही उत्तरे.

प्रश्न : भावाला एचआयव्ही आहे. त्याचे ताट-वाटी वेगळे ठेवावे का? (हडपसर)

उत्तर : नाही, लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. टूथब्रश मात्र ज्याचा त्याचा हवा. तो एरवीही असायलाच हवा.

प्रश्न : पतींच्या जिभेवर आणि टाळ्यावर महिनाभर पांढरा थर आहे. औषध दुकानदाराने तोंड आल्यावर लावायचे जेल दिले. घरी गुलकंद-सब्जा चालू आहे. मध्यंतरी त्यांनी एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या, गोळ्या सोडल्या होत्या. (कोथरूड)

उत्तर : आपल्याकडे तोंड आले की उष्णता झाली, हे निदान डॉक्टरांच्या आधी शेजारी करतात आणि त्यात महिना जातो. ओल्या गॉजने पुसल्यावर थर दह्याच्या कवडीसारखा निघाला आणि खाली लालभडक, कधी रक्ताळलेला पृष्ठभाग दिसला, तर ती बहुधा कॅन्डिडा बुरशी असते. जिभेच्या कडेवरचा, पुसून न निघणारा उभ्या रेघांचा थर एपस्टाइन-बार विषाणूशी निगडित असतो. ही पारख तपासणाऱ्यावर सोडावी, घरी खरवडू नये. तोंडाला लावायच्या अनेक जेलमध्ये स्टेरॉइड असते आणि त्याने बुरशी फोफावते. चिठ्ठीविना ते हाती ठेवणाऱ्या दुकानदाराला काय म्हणावे? गिळताना दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. तेव्हा वरून लावायचे औषध पुरत नाही, पोटातून घ्यावे लागते. गोळ्या सुटल्यावर सीडी४ पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये 200च्या खाली गेल्या असल्यास असे थर वारंवार दिसतात. म्हणून याच आठवड्यात ससून रुग्णालयात किंवा जवळच्या एआरटी केंद्रात जाऊन सीडी४ व व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) तपासून घ्या. जेल सोबत न्या, लावू नका.

प्रश्न : दाढ काढायची आहे. आजार सांगितला तर दंतवैद्य परत पाठवतील का? (पिंपरी)

उत्तर : तसे करता येत नाही, 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने उपचारांतील भेदभावाला बंदी आहे. माहिती द्या, कारण चालू औषधे पाहूनच पुढची औषधे ठरतात.

प्रश्न : दात ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम सुरू केले. चालेल ना? (सिंहगड रस्ता)

उत्तर : जाहिरात काहीही सांगो, प्रौढ माणसाचे किडलेले दात त्या गोळ्यांनी भरत नाहीत. उलट, रिकाम्या पोटी डोल्युटेग्राव्हिर या एआरटीतील औषधासोबत घेतल्यास कॅल्शियम त्याचे शोषण कमी करते. दोन्हींच्या वेळा एआरटी केंद्रातील डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि जाताना डब्या बरोबर न्या.