बूस्टर आधी काढा, मग अँटेनाचं बघू

तुम्ही लिहिलंय की अँटेनावरच्या डिजिटल टीव्हीला सिग्नलची स्ट्रेंग्थ ९०% च्या वर दाखवतोय तरी चित्र फुटतं आणि बूस्टर (सिग्नल मोठा करणारा डबा) लावल्यावर होते ते पण दोन चॅनल गेले. म्हणजे सिग्नल कमी नाहीये बहुतेक, खराब आहे, आणि खराब सिग्नल मोठा करून काही उपयोग नसतो.

टीव्हीच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी, आणि सगळेजण पहिलीकडेच बघत बसतात. स्ट्रेंग्थमध्ये त्या फ्रिक्वेन्सीवर येणारा कचरा पण धरलेला असतो, त्यातलं टीव्हीला नीट वाचता येतंय किती ते क्वालिटी सांगते. ॲनालॉगला सिग्नल उतरला की मुंग्या यायच्या पण मॅच बघता तरी यायची. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करायची सोय असल्यामुळे एका मर्यादेपर्यंत चित्र चकाचक असतं आणि त्याच्या जरा खाली गेलं की चौकोन, तुटका आवाज, आणि मग थेट काळा पडदा. म्हणून काठावरचा सिग्नल सकाळी चालतो आणि संध्याकाळी जातो.

बूस्टरचं खरं काम लांब केबलमध्ये वाया जाणारा सिग्नल भरून काढणं, म्हणून तो वर अँटेनापाशी लावायचा, खाली टीव्हीमागे नाही. खाली लावला तर केबलमध्ये जे गेलं ते गेलंच, उरलेल्याबरोबर नॉइज (म्हणजे कचरा) पण वाढतो. आणि टॉवर जवळ असेल तर ट्यूनर (टीव्हीतला चॅनल पकडणारा भाग) ओव्हरलोड होतो, आधी नीट येत होते ते चॅनलही जातात. तुमचं लक्षण मला हेच वाटतंय. आजूबाजूला मोबाईलचा टॉवर असला तर अजून वाईट, कारण ७०० - ८०० मेगाहर्ट्झवरचा मोबाईल डेटा टीव्हीच्या बँडला अगदी चिकटून आहे आणि स्वस्त बूस्टर तो पण ओढून वाढवतो. अशा वेळी एलटीई फिल्टर (मोबाईलचा सिग्नल अडवणारा) लागतो, तो पण बूस्टरच्या आधी.

आता केबल. एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा आट्यांचा जोड) उघडून उजेडात धरा. बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार जरी मधल्या तारेला टेकलेली असली तरी सिग्नल शॉर्ट. मधली तार कनेक्टरच्या तोंडातून साधारण २-३ मिमी बाहेर दिसली पाहिजे, आणि जाळी काळी-हिरवी पडली असेल तर पाणी शिरलंय, ती केबल फेकून द्या, पुसून काही होत नाही. स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा जोड) असेल तर सध्या काढून ठेवा, दोन तोंडांचा साधा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साडेतीन डीबीच्या (डेसिबल, सिग्नलच्या घट-वाढीचं माप) आसपास खातो आणि ३ डीबी म्हणजे सिग्नल निम्मा!

मग अँटेना फिरवा, पण सावकाश. थोडासा फिरवायचा, हात काढायचा, पट्टी स्थिर होईपर्यंत थांबायचं, कारण ती पट्टी उशिरा हलते आणि लोक घाईत बरोबर जागा ओलांडून पुढे जातात. नजर क्वालिटीवर. टॉवरवरून लहरी उभ्या येतात की आडव्या (पोलरायझेशन) ते बघून अँटेनाच्या काड्या तशाच ठेवायच्या, उलट ठेवल्या तर फार मोठा फटका बसतो.

ते 'डिजिटल एचडी ४के अँटेना' वगैरे खोक्यावरचं सोडून द्या, अँटेनाला फक्त फ्रिक्वेन्सी कळते. ५०० मेगाहर्ट्झला लहर ६० सेंमीची म्हणून अर्ध्या लहरीचा डायपोल (दोन काड्यांचा साधा अँटेना) ३० सेंमीचा, पण २०० मेगाहर्ट्झला तोच ७५ सेंमीचा लागतो, त्यामुळे काचेला चिकटवायचा चपटा अँटेना यूएचएफला (५०० सारख्या वरच्या फ्रिक्वेन्सी) ठीक आणि व्हीएचएफला (२०० सारख्या खालच्या) जेमतेम. काचेवर उष्णता अडवणारा धातूचा लेप असेल तर तोही नाही.

बूस्टर आणि स्प्लिटर काढून, सरळ एका केबलवर पुन्हा स्कॅन करा आणि प्रत्येक चॅनलची क्वालिटी इथे लिहा. केबल किती मीटर आहे आणि टॉवर अंदाजे किती लांब तेही टाका. गेलेले दोन चॅनल परत आले तर मग फिल्टरचं बोलू.